चोविसाव्या खेळीचा आक्षेप

कापूरहोळ,
१४ नोव्हेंबर २०२५

ठकुकाकू,

पिशवी उलटी करा, असं मी म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा तेवढं सांगते. मी पंचांना एवढंच म्हटलं की मास्तर दर थोड्या वेळानं खिडकीकडे बघतात आणि खिडकीशी तुम्ही बसलाय. पिशवी टेबलावर रिकामी करायचं शेफाली मॅडमनी ठरवलं. त्या पुण्याहून आलेल्या पंच, त्यांना तुम्ही कोण, मास्तर कोण, काही माहीत नव्हतं. भाकरीचा डबा, कापसाचा पुडा आणि वातींची डबी एवढंच निघालं. मोबाईल निघाला नाही. सगळा हॉल बघत होता आणि तुम्ही वाती एकेक करून परत डबीत भरत होतात. मी त्या वेळी खाली पटाकडे बघत होते.

दोनदा फोन केला, तुम्ही कट केलात. म्हणून हे पत्र.

मोबाईल सापडला नाही म्हणजे काहीच नव्हतं, असं मी मानत नाही. राग येईल तुम्हाला, येऊ दे. मी सात वर्षांची असल्यापासून मास्तरांसमोर बसलेय. तेव्हा आम्ही मार्गासनीला राहायचो, मी वेल्ह्याला शाळेत जायची त्या गाडीवर ते कंडक्टर होते. तिकिटं फाडून झाली की शेवटच्या बाकावर लोहचुंबकाचा पट काढायचे आणि गाडी कितीही हलली तरी सोंगटी हलायची नाही. त्या माणसाची मान खेळताना कधी वर झालेली मी पाहिली नव्हती. वेल्हे आलं तरी त्यांना कळायचं नाही, ड्रायव्हर ओरडायचा, "मास्तर, घंटी!" तोच माणूस भोरच्या त्या मंगल कार्यालयात, शेवटच्या फेरीत, पहिल्या पटावर, माझ्याविरुद्ध खेळताना मान वर करून बायकोकडे बघतो?

तुम्ही वाती वळत होतात. हात चालू असायचे. मग थांबायचे. हात थांबले की मास्तर वर बघायचे, तुमच्याकडे बघून परत खाली. दर वेळी असंच. चुकून एकदा होतं काकू, दोनदा होतं. मी मोजलंय.

तुम्हाला बुद्धिबळ येत नाही हे मला माहीत आहे. किंवा माहीत होतं. म्हणून तर जास्त शंका येते. तुम्हाला कोणी तरी सांगत असणार, कानात काही असणार, पदर डोक्यावरून घेतला होता तुम्ही. एरवी घेता, तेही मला माहीत आहे. तरी.

सहा वर्षांपूर्वी मी पुण्याच्या अकादमीत गेले, मास्तरांना न सांगता गेले, तेव्हापासून तुमच्या घराचा उंबरा मी ओलांडलेला नाही. त्याचा राग त्यांनी त्या दिवशी काढला का? मला काहीही करून हरवायचंच होतं का त्यांना?

मला फक्त एका प्रश्नाचं उत्तर द्या. तुमचे हात कशासाठी थांबत होते?

सुलक्षणा


कापूरहोळ,
२७ नोव्हेंबर

काकू,

उत्तर आलं नाही. पत्र पोचलं, हे मला विंझरच्या पोस्टमनकडून कळलं. त्याची मोटरसायकल आमच्या दुकानात दुरुस्तीला येते. बघा, मी अशी आहे. पत्र पोचलं की नाही याचीही चौकशी करते.

आज दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बाबा पंक्चरवाल्याकडे गप्पा मारत बसले होते. मी काउंटरवर पट मांडला आणि आमचा डाव पहिल्यापासून खेळून बघितला. डाव लिहायच्या कागदावर मी बारीक टिका करून ठेवल्या होत्या. मास्तरांनी ज्या ज्या खेळीला तुमच्याकडे पाहिलं त्या त्या खेळीपुढे एक टिक. नववी, तेरावी, सोळावी, विसावी, तेविसावी.

आता जे लिहिते ते तुम्हाला कितपत कळेल ठाऊक नाही, पण सोपं करून सांगते. फसवणारा माणूस अवघड जागी मदत घेतो. जिथं दोन-तीन वाटा असतात, डोकं चालत नाही, तिथं. मास्तरांनी सतराव्या खेळीला एक प्यादं फुकट सोडलं, त्यावरच माझा सगळा डाव पुढे कोसळला. ती खेळी मला अजून दहा वर्षं सुचली नसती. त्या खेळीपुढे टिक नाही. त्या वेळी ते वीस मिनिटं मान खाली घालून बसले होते.

टिका कुठं आहेत? मी त्यांचं प्यादं मारलं, त्यांनी माझं मारलं, तिथं. मी शह दिला, राजा हलवायला एकच घर होतं, तिथं. लहान पोरगंही डोळे मिटून खेळेल अशा पाचच्या पाच खेळ्या. त्याही खेळी करून झाल्यावर. आधी नाही. हात पटावरून मागे आला, थोडा वेळ गेला, तुमचे हात थांबले, मग त्यांनी वर पाहिलं.

खेळी करून झाल्यावर काय सांगत होतात तुम्ही?

मला आधीपेक्षा जास्त भीती वाटतेय काकू. फसवणूक असती तर मला तिचं काय करायचं ते माहीत होतं.

अजून एक. मागच्या पत्रात लिहायचं राहिलं असं नाही, मी लिहिलं नाही. पहिली टिक नवव्या खेळीची आहे. म्हणजे मला शंका नवव्या खेळीलाच आली होती. तेव्हा डाव बरोबरीत होता, माझा थोडा बरा होता. मी गप्प बसले. चोविसाव्या खेळीला माझा हत्ती गेला, आणि मग मी हात वर करून पंचांना बोलावलं. नियमात काही चुकलं नाही. आक्षेप कधीही घेता येतो.

सुलक्षणा


विंझर
८ डिसेंबर

सुलक्षणा हिस,

तुजी दोन्ही पत्रं पोचली. म्या सातवीपातूर शिकलेली हाय, वाचता येतं. लिवायची सवय न्हाई म्हनून उशीर.

तू इचारलंस हात कशापायी थांबत हुते. सांगते. आजपातूर कुनाला सांगितलं न्हाई, पोटच्या पोराला बी न्हाई.

ह्यांचं गेल्या वर्सापास्नं इसरनं वाढलंय. आदी म्या म्हनलं वय झालं. मंग मार्गासनीला दळन घिऊन गेले आन् पीठ तितंच ठिवून आले. हिरीवरली मोटार चालू करून बंद करायचं ध्यानात न्हाई. आखाडात आमी दोगं यष्टीनं येल्ह्याला चाललो हुतो तर उठून उभं ऱ्हायले, आन् पुढच्या बाईला इचारलं, "बोला, कुठं जायचं?" लोक हसले. त्यांना वाटलं मास्तर चेष्टा करत्यात. म्या बी हसले.

पर घोडं-हत्ती सगळं ध्यानात. रातसार सांगत बसतील. फकस्त खेळी केली की ते घड्याळाचं बटन दाबायचं इसरत्यात. न्हाई दाबलं की आपलाच येळ सरत ऱ्हातो, समद्या सरला की हार. सासवडच्या स्पर्धेत आसंच हरले. समोरचा बसला गप, ह्यांचं घड्याळ पळतंय. घरी आले आन् दोन दिस जेवले न्हाईत. मंग म्याच म्हनलं, आता मी संगं येते. वाती वळत बसते. माजं हात थांबलं की समजा बटन ऱ्हायलं. ते नगो म्हनत हुते. ही मदत झाली म्हनले, चालत न्हाई म्हनले. म्याच हट्ट केला. बटनाचं सांगितलं तर काय खेळी सांगितली व्हय? पाप असंल तर माजं हाय, त्यांचं न्हाई.

तुमच्या मोबाईलच्या ग्रुपवर आलं म्हनं, कंडक्टर मास्तर सापडले. भोरच्या पोरांचं नाताळाच्या सुट्टीतलं शिबिर धा वर्सं ह्येच घ्येत हुते. औंदा फोन आला, मास्तर तुमी आराम करा.

म्या म्हनते ऱ्हाऊ दे. चोर म्हनत्यात तर म्हनू दे. चोर म्हनलेलं चालंल, पर येडा झाला म्हनायला नगं. चोराला लोक घाबरत्यात तरी. येड्याला पोरं दगूड मारत्यात. म्हनून तू ह्ये कुनाला बोलायचं न्हाई.

आता म्या इचारते. तुला ह्ये सगळं आता कशापायी पायजे? जिकलीस, कप घिऊन गेलीस. अजून काय ऱ्हायलंय आमच्या घरात? ये म्हनत न्हाई. आलीस तर हाकलनार बी न्हाई.

ठकुबाई


कापूरहोळ,
१२ डिसेंबर

काकू,

पत्र तीनदा वाचलं. कोणाला बोलणार नाही.

कशापायी पाहिजे, विचारलंत. त्याचं उत्तर द्यायच्या आधी एक सांगावं लागेल. ते वाचून तुम्ही मला दारात उभं करणार नाही, असं वाटतं. तरी लिहिते.

पंचांनी तुम्हाला बाहेर व्हरांड्यात बसवलं. डाव पुढे चालू झाला. मला उलट वाटत होतं की आता मास्तर चुकतील. ते चुकले नाहीत. बत्तिसाव्या खेळीला माझ्या उंटानं त्यांचा एक घोडा मारला, त्यांनी दुसऱ्या घोड्यानं माझा उंट मारला. साधी मारामारी. माझा राजा कोपऱ्यात, त्यांचा हत्ती माझ्या दुसऱ्या रांगेत. मी संपले होते.

आणि त्यांनी बटण दाबलं नाही.

मी पाहिलं. लगेच पाहिलं. त्यांच्या घड्याळात अकरा मिनिटं होती आणि ती चालू होती. ते हात मांडीवर ठेवून माझी खेळी यायची वाट बघत होते. मी कपाळाला हात लावून विचार करत असल्यासारखी बसले. अकरा मिनिटं. मधे एकदा त्यांनी खिडकीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

शून्य आलं तेव्हा मी पंचांना बोलावलं. शेफाली मॅडमनी घड्याळ बघितलं, म्हणाल्या, "पांढरा जिंकला." मास्तरांनी माझा हात हातात घेतला, कागदावर सही केली आणि उठले. मी तेव्हा समजले की घाईत राहिलं असेल, नशीब. नियम सांगतो, प्रतिस्पर्ध्यानं आठवण करून द्यायची गरज नाही.

ग्रुपवर ते वाक्य मी टाकलं नाही. पण त्यावर अंगठा टाकला.

रविवारी २१ तारखेला येते. साडेआठच्या गाडीनं.

सुलक्षणा


कापूरहोळ,
२३ डिसेंबर

काकू,

रविवारी निघताना तुम्ही अंगणात शेंगांची पाटी उतरवत विचारलंत, "काय बोलनं झालं?" मी म्हटलं, "काही नाही, डाव खेळलो." तुमची नजर सांगत होती की तुम्हाला पटलं नाही. बरोबर होतं. मास्तरांनी मला सांगू नको म्हणून बजावलं होतं. मी दोन दिवस विचार केला आणि आता त्यांचा शब्द मोडतेय.

तुम्ही पावट्याच्या शेंगा तोडायला गेलात ना, तुम्हाला त्यांनीच पाठवलं. तुम्ही बांध ओलांडल्यावर ते म्हणाले, "बस. तुझा आक्षेप बरोबर होता."

मी म्हटलं, "मास्तर, मला काकूंनी सगळं..."

"मला बोलू दे. बाहेरून खूण घेणं म्हणजे मदतच. पंचांना सापडली नाही म्हणून काय झालं? त्यांनी हरवलं नाही, म्हणून मीच हरलो. बत्तिसाव्या खेळीला मी बटण मुद्दाम दाबलं नाही. ठकूला सांगू नकोस. तिला वाटेल तिच्यामुळे झालं."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. खरं बोलतायत की नाही, मला कळेना. बोलताना आवाज अगदी गाडीतला होता, सुट्टे पैसे नसलेल्या माणसाला समजवतानाचा. मला खरं मानायचं होतं. ते मुद्दाम हरले असतील तर माझी अकरा मिनिटं पुसली जाणार होती ना.

मग ते म्हणाले, "आता मी एक विचारतो. नवव्या खेळीला तुला कळलं होतं. चोविसाव्याला का उठलीस?"

"नवव्याला कळलं हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तू कागदावर टिका करत होतीस. सत्तावीस वर्षं लोकांच्या हातातल्या कागदांकडे बघण्यात गेली माझी. डावाच्या कागदावर खेळ्या सोडून दुसरं काही खुणवायचं नसतं, तेही नियमातच आहे."

"मग तुम्ही आक्षेप का नाही घेतला?"

"मी जिंकत होतो," ते म्हणाले, आणि हसले. काकू, त्या दिवसात पहिल्यांदा हसले. मला मात्र मान वर करवेना.

त्यांनीच मग कपाटातून लाकडी पट काढला. माझ्या पिशवीत डावाचा कागद होता, मी तो काढायला गेले तर म्हणाले, "राहू दे." एकेक सोंगटी ठेवत गेले. माझी चार प्यादी आणि उरलेला हत्ती, त्यांची पाच प्यादी, हत्ती, घोडा, दोन्ही राजे. सहा आठवड्यांपूर्वीचा डाव, एकही घर चुकलं नाही. मी नंतर कागदाशी ताडून पाहिलं. हो, ताडून पाहिलंच.

"बत्तिसावी खेळी काळ्याची झालीय. तुझी पाळी. घड्याळ आणलंयस?"

आणलं होतं. का आणलं होतं तेही सांगते. तपासायला. मुद्दाम की विसरून, हे मला बघायचं होतं. त्यांच्या बाजूला अकरा मिनिटं लावली, माझ्या बाजूला चौदा.

पहिल्या खेळीला त्यांनी बटण दाबलं. दुसऱ्या खेळीला मी त्यांचं एक प्यादं मारलं, त्यांनी चटकन माझं मारलं आणि हात मांडीवर ठेवला. घड्याळ त्यांचंच चालू. मी थांबले. मनात तीसपर्यंत आकडे मोजले. मास्तरांनी मान वर केली आणि खिडकीकडे पाहिलं. तुम्ही शेतात होतात.

तेवढ्यात माझं सगळं उत्तर मिळालं, काकू.

"मास्तर," मी म्हटलं, "घड्याळ."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तोंड एकदम उतरलं. बटण दाबलं आणि रागानं म्हणाले, "समोरच्याला सांगायचं नसतं."

"आज स्पर्धा नाहीये."

"मग लावलंस कशाला?"

पुढच्याच खेळीला बटण परत राहिलं. या वेळी मीच घड्याळ बंद केलं, पिशवीत टाकलं. ते पटाकडेच बघत होते. घड्याळ गेल्याचं त्यांच्या लक्षात आलं की नाही, माहीत नाही. मुद्दामची गोष्ट ते परत बोलले नाहीत, मीही काढली नाही. ती त्यांच्यापाशी राहू द्या. तुम्हीही त्यांना कधी विचारू नका. पण तुम्हाला खरं माहीत असायला हवं, कारण पुढचं तुमच्या हातात आहे.

मी चौकशी केली. नाव न सांगता केली, घाबरू नका. विसरण्याची कारणं खूप असतात म्हणतात. काही साध्या गोळ्यांनी सुधारतात, काही नाही सुधारत, पण बघितल्याशिवाय कोणालाच कळत नाही. पुण्याला न्यायचं. शिवापूरच्या पुढं गेलं की आपल्याला ओळखणारं कोणी नाही. मंगळवारी दुकान बंद असतं, मी येते. मास्तरांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, मला खोटं नीट जमत नाही. तुम्ही म्हणालात, लोक वेडा म्हणतील. काकू, डॉक्टरला दाखवलं नाही आणि एक दिवस मास्तर कोणत्या तरी गाडीत चढून विंझरला उतरायचंच विसरले, तर लोक काय म्हणतील याच्याशी मग तुम्हाला काही घेणं राहणार नाही.

दुसरं. शेफाली मॅडमना आणि भोरच्या संयोजकांना मी पत्र पाठवलं, आणि तेच ग्रुपवरही टाकलं. त्यात आजाराचा एक शब्द नाही. लिहिलं ते असं: मास्तरांना कोणी एकही खेळी सांगितलेली नाही, मी सगळा डाव तपासला, तसं काही दिसत नाही. मी आक्षेप हरायला लागल्यावर घेतला. डावाच्या कागदावर खुणा करून नियम मी मोडला. त्यांचं घड्याळ चालू राहिलेलं मला दिसत होतं आणि मी अकरा मिनिटं गप्प बसले. कप परत करतेय. यातलं एकही वाक्य खोटं नाही. जे नाही लिहिलं ते तुम्ही बोलू नको म्हणालात म्हणून नाही लिहिलं.

ग्रुपवर आता माझ्याबद्दल लिहितायत. एकानं लिहिलं, पोरीला मास्तरांनी गप्प केलं. दुसऱ्यानं विचारलं, कितीला? बाबा म्हणतात, कशाला विस्तवात हात घातलास. संयोजकांचं उत्तर आलेलं नाही. शिबिराचं काय होईल, सांगता येत नाही.

तुम्ही विचारलं होतंत, आता अजून काय पाहिजे. काही नको म्हटलं तर तुम्ही मानणार नाही, मीही मानलं नसतं. मला त्या डावाचा शेवट पाहिजे होता. जिंकलेय असं मी सगळ्यांना सांगत होते, पण कशी ते मला सांगता येत नव्हतं.

तो रविवारी मिळाला. छत्तिसाव्या खेळीला मास्तरांनी घोडा मागे घेतला. मागे! मला वाटलं चुकले, आता सुटले मी. मी घाईघाईनं हत्ती पुढे टाकला. त्यांनी काही केलं नाही, नुसतं बोट त्या घोड्यावर ठेवलं आणि वाट बघत राहिले, शेवटच्या बाकावर बघायचे तसे. मी बराच वेळ बघत होते. मग दिसलं. घोडा तिथून माझ्या राजाची दोन्ही घरं धरत होता आणि हत्तीला यायला वाट मोकळी झाली होती. दोन खेळ्यांत मात. कुठं जायला जागा नव्हती.

"कळलं?" ते म्हणाले.

"कळलं, मास्तर."

"मग राजा आडवा कर."

केला.

तुमची,
सुलक्षणा